बिल निघालं का?

शनिवारी दुपारी तीन वाजले की माझ्या पोटात गोळा यायचा. आमच्या इकडं शनिवार म्हणजे आठवडी बाजार, आणि बाजार म्हणजे मजुरांना खर्ची द्यायचा दिवस. मुकादमाचा फोन साडेतीनच्या सुमारास येणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं, त्यामुळं तीनपासूनच फोनकडं बघायची भीती वाटायला लागली, आधी तो पालथा घालून ठेवायचो, मग सायलेंट करायला लागलो, आणि २०२४ च्या श्रावणातल्या एका शनिवारी मी फोन गाडीच्या डिकीत टाकला, वरून कुलूप लावलं आणि घरात येऊन बायकोला सांगितलं की बॅटरी उतरलीय. तिनं काहीच विचारलं नाही. पण त्या दिवशी बाजाराच्या पिशव्यासुद्धा तिनंच काढल्या आणि एकटी गेली.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो आणि छोटी सरकारी कामं घेतो. शाळेच्या खोल्या, अंगणवाडी, गटार, वस्तीवरचा काँक्रीट रस्ता, असलं. सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्ष पुण्यात एका बिल्डरच्या साईटवर सुपरवायझर होतो, मग २००९ ला गावी येऊन सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली. सरकार काही कामं आमच्यासाठी, काही मजूर संस्थांसाठी राखून ठेवतं, सोडत निघते, चिठ्ठीत नाव आलं की काम. पहिलं काम शाळेची संरक्षक भिंत होती, अजून उभी आहे, त्या रस्त्यानं गेलो की आजही बाईकचा स्पीड आपोआप कमी होतो माझा.

बाहेरच्या माणसाला कंत्राटदार म्हणलं की स्कॉर्पिओ, गळ्यात चेन आणि पुढाऱ्याशेजारचा फोटो दिसतो. तसले असतात, नाही असं नाही. पण आमच्यासारखी जी माणसं आहेत त्यांचा धंदा कसा चालतो हे नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

समजा सोडतीतलं नाही तर टेंडरचं, पन्नास लाखाचं एस्टिमेट आहे. टेंडर भरताना स्पर्धा एवढी की अठरा टक्के बिलो भरल्याशिवाय काम लागत नाही, म्हणजे एक्केचाळीस लाखात घेतलं. वर्क ऑर्डर मिळाली की काम सुरू, पण पैसे नंतर. सिमेंट-स्टील दुकानदाराकडून उधार, खडी आणि क्रश सँड क्रशरवाल्याकडून उधार, सेंट्रिंगवाल्याला थोडं आधी बाकी नंतर, बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची, लिमिट ओढायची. फक्त मजूर उधारीवर चालत नाही, त्याला शनिवारी रोख लागते आणि लागलीच पाहिजे. मग काम जसं होईल तसं जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर, येऊन मोजमाप पुस्तकात, आम्ही एमबी म्हणतो, त्यात माप लिहितो. एमबीत माप चढलं तर काम झालं. नाही चढलं तर डोळ्यासमोर उभी असलेली भिंतसुद्धा सरकारी दप्तरात नसते. पुढं डेप्युटी इंजिनिअर तपासणार, ऑफिसला बिल जाणार, तिथं ऑडिट होणार, बिल पास होणार. आणि पास झाल्यावरही पैसे मिळत नाहीत, कारण त्या हेडवर, म्हणजे कामाच्या खात्यावर, सरकारचा निधी, ग्रँट पाहिजे. 'बीम्सवर काही पडलंय का?' हा आमच्या ग्रुपवरचा रोजचा प्रश्न, शासनाच्या निधी वाटपाची ती सिस्टीम आहे. त्यात १८ जुलै २०२२ पासून सरकारी कामावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा झाला, ज्यांनी आधीच्या दरानं कामं घेतली होती ते त्या सहा टक्क्यांच्या फरकासाठी अर्ज करत फिरले, कितीतरी जणांचं नफ्याचं मार्जिन तेवढंच होतं.

माझं ते एक्केचाळीस लाखाचं काम डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झालं. मधलं एक आरए बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, चौदा लाखाचं मिळालेलं. राहिले सत्तावीस. मार्चएंडला होऊन जाईल म्हणाले. एकतीस मार्चला रात्री अकरापर्यंत आम्ही सात-आठ जण त्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसून होतो, कुणी घरून डबा आणलेला, कुणी वडापाव आणले, आत कॉम्प्युटरचा उजेड दिसत होता आणि मध्येच एखाद्याचं नाव घेऊन हाक यायची, तो उठून पळायचा. माझं नाव आलं नाही. लोकसभेची आचारसंहिता त्याआधीच लागलेली, साहेब इलेक्शन ड्युटीवर गेले. मग पावसाळी अधिवेशन झालं की बघू. मग गणपती. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. आतला क्लार्क चांगला माणूस होता हो, कधी तोडून बोलला नाही, पण त्याचं ते 'पुढच्या आठवड्यात एकदा बघून जावा' ऐकून मी जिना उतरायचो तेव्हा गुडघ्यात ताकद नसायची.

लोक विचारतात, नुकसान किती झालं? नुकसान सोसता येतं, एक आकडा असतो, वाईट वाटतं आणि माणूस पुढं जातो. हे सोसत नव्हतं कारण याला आकडाही नव्हता आणि तारीखही नव्हती. ज्याच्याकडून मला येणं होतं त्याच्यावर मी आवाज चढवू शकत नव्हतो, उद्या पुढचं बिलही त्याच टेबलावरून जायचंय. आणि ज्यांचं देणं होतं ते सगळे माझ्यावर आवाज चढवू शकत होते, आणि त्यांचं बरोबरही होतं. क्रशरवाल्याचा हप्ता होता. दुकानदाराला कंपनीला चेक द्यायचा होता. मी मध्ये उभा, दोन्ही बाजूंनी बरोबर असलेल्या माणसांच्या मध्ये, आणि वरून सगळं गाव मला शेठ म्हणणार. देवीच्या वर्गणीला माझ्या नावापुढं पाच हजार आधीच लिहून आणायचे. मी ते दिले. तीन टक्क्यांनी काढलेल्या पैशातून दिले.

हे तीन टक्के महिन्याचे असतात. फेब्रुवारीत मी एका सावकाराकडून पाच लाख उचलले, महिन्याला पंधरा हजार व्याज, आणि हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

झोप आधी गेली. बरोबर तीन वाजता जाग यायची, रोज, कुणी हलवून उठवल्यासारखी. मग अंधारात हिशोब सुरू. सीसीचं व्याज, सावकाराचं व्याज, त्यात पुढच्या शनिवारचे चाळीस हजार, पोरीची फी, पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी बेरीज वेगळी यायची आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी. पहाटे पाचला आण्णांचा खोकला ऐकू आला की उठायचं, त्यांना चहा द्यायचा, तोंडावर पाणी मारून साईटला. दुकानासमोरचा रस्ता सोडून मागच्या ओढ्याकडच्या वाटेनं जायला लागलो, दीड किलोमीटरचा फेरा पडायचा. लग्नाला जाणं बंद केलं कारण तिथं हमखास कुणीतरी विचारणार, काय शेठ, निघालं का बिल? प्रेमानंच विचारायचे. मला ते खांद्यावर हात ठेवून विचारणंसुद्धा चटका बसल्यासारखं वाटायचं.

सप्टेंबरमध्ये छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, डावा हात जड. हार्टच असणार म्हणून रात्रीच दवाखान्यात पळालो. ईसीजी नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. आमचे नेहमीचे डॉक्टर माझ्या वडिलांच्या ओळखीचे, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, तू एकदा मानसोपचार तज्ज्ञाला दाखव. मला राग आला. मी काय वेडा झालोय का, असं तोंडावर बोललो नाही पण चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली ती तिथंच राहिली.

दिवाळीला मी काँक्रीटचा मिक्सर विकला. दहा वर्ष वापरलेला, त्याच्या ड्रमवर पोचे पडलेले, एका बाजूला पोरीनं लहानपणी रंगानं तिचं नाव लिहिलेलं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मजुरांना पैसे दिले आणि घरी आलो तर आकाशकंदील लावायला स्टुलावर चढलो आणि चढून तसाच उभा राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. पोरगी खालून म्हणत होती, पप्पा लावा ना. त्या वेळी माझ्या मनात जो विचार आला तो मी इथं शब्दात लिहिणार नाही, ज्यांना आलेला आहे त्यांना कळेल. एवढंच सांगतो की तो विचार भयंकर रूप घेऊन येत नाही, फार शांतपणे येतो, विश्रांती दिल्यासारखा येतो, आणि म्हणूनच तो आला की लगेच कुणाला तरी सांगायचा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. साईट बंद, शाळा बंद, मतदान करून आम्ही अकरालाच घरी आलो. बायकोनं पोरीची जुनी वही आणली, मागच्या कोऱ्या पानावर मध्ये एक रेघ मारली आणि म्हणाली, "आता मला एकेक सांगा. कुणाचं किती. मी काही बोलणार नाही, फक्त लिहिते."

मी म्हणालो, तुला नाही कळायचं ते.

"बेरीज कळते मला," ती म्हणाली. "आणि तुम्ही रात्री तीनला उठून बसता तेपण कळतं. मी पण जागीच असते."

मग मी सांगत गेलो. सीसी अकरा लाख. दुकानदार सहा लाख वीस हजार. क्रशर तीन लाख चाळीस. सेंट्रिंग एक लाख दहा. तिच्या गंठणावर आणि पाटल्यांवर काढलेलं दोन लाख तीस. ते ती विसरली असेल असं मला वाटत होतं, ती तारखेसकट सांगायला लागली. आणि मग माझं तोंड बंद झालं. ती पेन धरून थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता, बाहेर रिक्षावर कुणीतरी मतदानाचं आवाहन करत गेलं. अखेर मी म्हणालो, अजून पाच आहेत, तीन टक्क्यांनी. तिचं पेन एकदा थांबलं, मग तिनं लिहिलं. सावकाराचं नाव लिहिलं, पाच लाख लिहिले, आणि शेजारी बारीक अक्षरात 'दरमहा १५०००'. काही बोलणार नाही म्हणाली होती, नाही बोलली.

एकूण एकोणतीस लाख. रेघेच्या दुसऱ्या बाजूला येणं, सत्तावीस, त्यातून टीडीएस, जीएसटीची कपात, कामगार उपकर, अनामत वजा जाता हातात पंचवीस धरले. फरक चार लाख.

मी त्या पानाकडं बघत बसलो. रात्री तीनला माझ्या डोक्यात तो आकडा कधी पन्नास लाखाच्या खाली आलेला नव्हता. चार लाख म्हणजे थोडे नाहीत, येणं कधी येईल तेही माहीत नव्हतं आणि तोपर्यंत व्याज चालूच राहणार होतं. तरी पण ती रक्कम एका पानावर मावत होती. मी रडलो. लग्नाला चौदा वर्ष झाली, तिनं मला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तेव्हाच आकाशकंदिलाच्या वेळचं पण सांगितलं. तिनं माझ्या पाकिटातली डॉक्टरांची चिठ्ठी काढली, तिला ती कुठाय हे दोन महिन्यांपासून माहीत होतं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरला गेलो.

तिथले डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, सकाळी उठल्यावर काय वाटतं ते विचारलं. मग सरळ विचारलं, जगू नये असं वाटतं का? एवढं साधं, जसं ताप येतो का विचारतात तसं. हो म्हणाल्यावर ते दचकले नाहीत. बायकोला आत बोलावलं, तिलाही सगळं नीट समजावलं. गोळ्या लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, दारू नको, एवढं सांगितलं. खरंच तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी सकाळी साडेपाचला जागा झालो आणि मला कळेना की मधली रात्र गेली कुठं. गोळीनं बिल निघत नाही, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण गोळी घेतल्यावर ऑफिसचा तो जिना चढता यायला लागला.

मुकादमाचं मात्र राहिलं होतं. डिसेंबरात मी स्वतःहून त्याच्या वस्तीवर गेलो. बाहेर चुलीवर भाकरी चाललेली, तो पोत्यावर बसला होता. मी म्हणालो, मी फोन उचलत नव्हतो, माझी चूक झाली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मालक, पैसं नसलं तर नाही म्हणा. आम्ही काय आज बघतोय का तुम्हाला. पण फोन लागत नाही म्हणल्यावर पोटात कालवतंय. ह्या बारा माणसांना मी उचल दिलीया, माझ्या पोरीच्या लग्नाचं पैसं हायती त्यात. तुमचा फोन बंद झाला की ही सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात."

म्हणजे मी तीनला जागा असायचो तेव्हा दोन किलोमीटरवर पत्र्याच्या खोलीत हा माणूसही जागा होता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्याच भीतीत एवढा गुंतलो होतो की माझी भीती मी त्याच्याकडं सरकवतोय हे कळलं नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्यात, सगळ्यात जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात, आणि मरणाऱ्यात चारातला एक रोजंदारीवर काम करणारा. ही माहिती मी नंतर वाचली. वाचताना मला तो पोत्यावर बसलेला दिसत होता. आमच्या धंद्यातल्या ताणाबद्दल बोलताना आम्ही कंत्राटदार आमच्यापाशीच थांबतो, पण साखळीत आमच्याखाली अजून माणसं आहेत आणि त्यांच्याकडं विकायला मिक्सरसुद्धा नाही.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या एका तरुण कंत्राटदारानं जीव दिल्याची बातमी आली. जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाच्या पाण्याच्या योजनेची कामं केलेला मुलगा, पस्तिशीचा. घरचे म्हणत होते एक कोटी चाळीस लाखाचं येणं अडकलंय, सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच्या नावावर बिलच नाही, तो सब-कॉन्ट्रॅक्टर होता. आमच्यात हे सर्रास चालतं, लायसन एकाचं, काम दुसऱ्याचं, उधारी मात्र काम करणाऱ्याच्या नावावर. संघटना तेव्हा राज्यभरातली थकबाकी एकोणनव्वद हजार कोटी सांगत होत्या. मला त्या आकड्यापुढं काही सुचत नव्हतं, मला फक्त वाटत होतं की या पोरानं कुणाला पान लिहून दाखवलं असेल का. नाव नाही म्हणून बिल नाही, ठीक आहे, पण पाईप तर जमिनीत आहे ना. कुणीतरी उधार आणून तो पुरला ना.

ग्रुपवर दिवसभर भावपूर्ण श्रद्धांजली पडत राहिल्या. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, आज बीम्सवर काही आहे का. त्याला मी दोष देत नाही, त्याचाही शनिवार जवळ आलेला असणार.

त्या रात्री मी माझ्याबरोबरच्या चौघांना फोन लावले. आम्ही एकमेकांना फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, बिल निघालं का. मी विचारलं, झोप लागते का? तिघांनी हसण्यावारी नेलं. चौथा गप्पच बसला. मला वाटलं फोन कट झाला, हॅलो हॅलो केलं. मग तिकडून श्वास ऐकू आला आणि तो म्हणाला, तू आत्ता कुठायस? मी गाडी काढली. बायको म्हणाली मी पण येते, आणि वही घेऊन आली.

आम्ही त्याच्या घरी रात्री दोनपर्यंत बसलो. त्याचं पान माझ्यापेक्षा वाईट निघालं, फरक चौदा लाखाचा. ते काही एका बैठकीत सुटणारं नव्हतं आणि आजही सुटलेलं नाही, एक प्लॉट विकायला काढलाय, बँकेशी बोलणं चालू आहे, सोलापूरचे तेच डॉक्टर त्यालाही बघतात. त्याच्या घरी आता सगळ्यांना माहीत आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर त्याच्या बायकोनं फ्रिजवर लिहून चिकटवलाय, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. आपल्या ओळखीच्या माणसाला सांगायची लाज वाटते तेव्हा अनोळखी माणूस बरा पडतो, मी स्वतः एकदा तिथं फोन केलाय, रात्री पावणेचारला.

माझं सांगायचं तर मार्च २०२५ मध्ये नऊ लाख आले, गणपतीच्या आधी आठ. सावकाराचं पहिल्यांदा फेडलं, त्या वहीतल्या ओळीवर बायकोनं दोन वेळा रेघ ओढली, कागद फाटेपर्यंत. दहा अजून अडकलेत. गोळी चालू आहे, डोस कमी झालाय. तीनला अजून कधी कधी जाग येते.

या शनिवारी मुकादमाला चाळीस हजार द्यायचे होते, माझ्याकडं बावीस होते. दोनलाच मी त्याला फोन केला, बावीस आहेत म्हणालो, बाकीचे बुधवारी. तो म्हणाला, बरं मालक, मग पोरास्नी आत्ताच सांगतो, बाजार त्या हिशोबानं करतील. आणि मग विचारलं, "जेवलासा का?"

नव्हतो जेवलो. गाडी झाडाखाली लावली आणि डबा उघडला.